उपस्थित दोघे

“संचालक आहेत का घरात?” पोस्टमनने विचारलं, आणि तिने ओल्या हाताने दाराची कडी धरूनच सांगून टाकलं, “ते वारले. तीन वर्षं झाली.” हे वाक्य आता तिच्या तोंडात इतकं बसलं होतं, की कुणी जरा अधिकाराच्या सुरात घरातल्या माणसाची चौकशी केली की ते आपलं आपण बाहेर पडायचं. विम्याच्या माणसाला, मीटर बघणाऱ्याला, एकदा तर फोनवरून गालिचे विकणाऱ्या मुलीलाही तिने ते ऐकवलं होतं, आणि ती मुलगी बिचारी गालिचे विसरून रडवेली झाली होती. पोस्टमनने पाकीट चष्म्याजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. “पण नाव तर बाईंचं दिसतंय.” तिने वाकून बघितलं. नाव तिचंच होतं, सासरच्या आडनावासकट, आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन ‘संचालक’. “अगंबाई,” ती म्हणाली, “मग ती मीच.” पोस्टमन हसला नाही. त्याने वही पुढे केली आणि सही कुठे करायची ते नखाने दाखवलं. नुसत्या नखाने. तिथे पेन्सिलीची फुली नव्हती, आणि सही करण्याआधी तिने ती उगाच शोधली.

पाकीट तिने उभ्यानेच फोडलं आणि बसून वाचलं. वखारवाल्याच्या वकिलाची नोटीस होती. लाकडी फूटपट्ट्यांची कंपनी बंद पडली, तिच्याकडे आता विकायलाही काही नाही, शेवटच्या गाडीभर लाकडाचे पैसे व्याजासकट तसेच राहिलेत, एक संचालक मयत आहे, सबब हयात असलेल्या संचालकाने ते स्वतःच्या मालमत्तेतून भरावेत. कारण कंपनी हे देणं फेडू शकणार नाही याची पूर्ण जाणीव असतानाही ही उधारी केली गेली. स्वतःची मालमत्ता म्हणजे ज्या खुर्चीवर बसून ती हे वाचत होती ती खुर्ची, आणि त्या खुर्चीभोवतीच्या दोन खोल्या. पण तिचं बोट त्याच्याही आधी दोन शब्दांवर थांबलं होतं. पूर्ण जाणीव. तिला क्षणभर हसूच आलं. एकतीस वर्षांच्या संसारात तिच्यावर हा आरोप कुणी केला नव्हता. सासूने नाही, मुलीने नाही, बँकेतल्या त्या टाय लावलेल्या पोराने तर नाहीच, जो तिच्याशी बोलताना शब्द सुटे सुटे करून द्यायचा, तान्ह्या बाळाला घास द्यावा तसे. आणि आता एक अनोळखी वकील शिक्क्यानिशी लिहून कळवत होता, की बाई, तुम्हाला सगळं कळत होतं.

कंपनीला दोन संचालक लागतात. दुसरा नवऱ्याचा मित्र व्हायचा होता, पण मित्राच्या बायकोने डोळे वटारले आणि मित्राची पाठ दुखायला लागली. मग एका दुपारी नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, कानात लाकडाचा भुसा, आणि म्हणाला, “तुला संचालक व्हायचंय का?” “त्यात करायचं काय असतं?” “बसायचं. आणि सही करायची.” “बसायला मिळणार असेल तर होते बाई,” ती म्हणाली होती. त्यात थट्टा होती आणि थट्टेच्या आत दुसरंही काही होतं, कारण तो कधी बसत नसे. जेवायचासुद्धा उभ्याने, खिडकीपाशी, ताट हातात घेऊन, समोरच्या गल्लीतून कुणी हाक मारणार आहे आणि त्याला निघायचंय अशा बेताने. लग्न झालं तेव्हा तिला वाटलं होतं, पाहुण्यासारखा आहे, रुळेल हळूहळू. पुढे कळलं की कारखाना हे त्याचं घर आणि घर ही वाटेतली एक खिडकी. कंपनी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एक वेगळी व्यक्ती असते, हे त्याने तिला त्याच सुमाराला कौतुकाने समजावून सांगितलं होतं: तिचं नाव वेगळं, तिचा पैसा वेगळा, तिची देणी तिची. “म्हणजे सवत,” ती म्हणाली होती. “सवत नव्हे,” तो म्हणाला, “लेक समज.” “लेक एक आहे माझी. तिचं नाकसुद्धा मलाच पुसावं लागतं.”

पण सभा व्हायच्या. वर्षातून चार, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दुपारी चारला. त्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून यायचा, भिंतीकडची खुर्ची ओढायचा आणि बसायचा. खरंच बसायचा. जाड पुठ्ठ्याची हिरवी वही उघडून खणखणीत आवाजात म्हणायचा, “उपस्थित दोघे. गणपूर्ती झाल्याने सभेचे कामकाज सुरू होत आहे.” “झाली हो गणपूर्ती, चहा घ्या आधी.” गणपूर्ती म्हणजे सभा भरायला निदान इतकी माणसं हवीत तो आकडा, त्यांच्या सभेचा आकडा दोन. त्यातलं एक जरी नसलं तरी सभा भरतच नाही, हे तिला पहिल्यांदा कळलं तेव्हा आत काहीतरी गोड हललं होतं. घरात तिच्यावाचून अडणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण त्या सगळ्या चुलीपाशी अडायच्या. ही एकच गोष्ट कायद्याने अडत होती. मग तो वाकून काहीबाही लिहायचा, ती त्याच्या मानेवरचे केस बघत बसायची, मधूनच काही बोलायची, तोही हं हं करायचा, आणि शेवटी पानाच्या तळाशी तो पेन्सिलीने एक बारीक फुली मारायचा. “इथे.” ती फुलीवर सही करायची. त्याचं बोट तिथून हलायच्या आत. वर काय लिहिलंय ते तिने कधी वाचलं नाही. वाचायला घेतलं असतं तर त्याने वही तिच्या हातात दिली असती आणि तो उठला असता. म्हणून ती वाचत नव्हती, एवढी साधी गोष्ट होती. शाई वाळली की तो खोडरबराने फुली खोडायचा, फुंकर मारायचा, आणि सभा संपायची. दहा मिनिटं. फार तर बारा.

मुलीला फोन केला तर ती आधी घाबरली, मग रागावली, मग कामाला लागली, बापासारखीच. “आई, तू कशाला ग सह्या करत बसलीस इतकी वर्षं?” “तुझे बाबा म्हणायचे.” “ते म्हणतील आणि तू करशील! बघितलंस तरी का कधी, काय आहे ते?” “नाही.” “हेच सांगायचं मग. हेच खरं आहे ना? झालं तर. माझी वर्गातली मैत्रीण वकील आहे तिथे, तिच्याकडे जा, ती कागद करून देईल. इतक्या सह्या केल्यास, आणखी एक कर आणि मोकळी हो.” मोकळी. फोन ठेवल्यावर तिने खिडकी उघडली आणि पडू नये म्हणून फळीखाली एक फूटपट्टी लावली. घरभर त्या होत्या, कारखान्यातून नापास झालेल्या: कुंडीतल्या वेलाला आधार म्हणून, कणकेचा डबा खरवडायला, पडद्याच्या दांडीला टेका म्हणून. कुणाचा सेंटीमीटर केसभर तोकडा, कुणाची रेघ तिरकी. एका नापास पट्टीच्या मागे मुलीने सातवीत लिहिलेलं होतं, ‘ही पट्टी खोटं बोलते.’

वकील मुलगी तिच्या आठवणीत दोन वेण्यांची होती. आता केस कापलेली, खोलीत फायलींचे ढीग आणि एका ढिगावर अर्धं खाल्लेलं सफरचंद. “या काकू, बसा. घाबरू नका,” असं म्हणून तिने तेच सांगितलं जे नवऱ्याने सांगितलं होतं, फक्त उलट्या बाजूने. कंपनी वेगळी व्यक्ती असते, म्हणून तिची देणी संचालकाच्या अंगाला लागत नाहीत. पण कंपनी बुडतेय हे ठाऊक असून संचालकाने उधारी वाढवली असेल, तर कोर्ट मधली भिंत पाडतं आणि थेट घरात येतं. “म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर आहे काकू. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं. आणि तुम्ही तर नावापुरत्या होतात. सह्या काका सांगतील तिथे. बरोबर?” “फुली असायची,” ती म्हणाली. “काय?” “पेन्सिलीची. ते मारायचे.” “उत्तम! हे टाकूया,” वकील मुलगी आनंदाने म्हणाली आणि लिहून घेतलं. मग जरा थांबून, सफरचंदाकडे बघत, “सभांची वही वगैरे ठेवायचे का काका? वखारवाल्याकडे तसलं काहीच नाही. तुमच्याकडेही नसेल तर प्रश्न मिटला. असेल तर ती मला दाखवायच्या आधी नीट विचार करा, कारण एकदा मी बघितली की मला ती नाही म्हणता येणार नाही. आणि वही असताना खोट्या कागदावर सही करायला मी सांगत नाहीये, हेही लक्षात ठेवा.” वकील मुलीने प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदा तिच्या हातात दिला. “वखारवाले कसे आहेत?” तिने उठता उठता विचारलं. “तुम्हाला नोटीस पाठवलीय त्यांनी, काकू.” “हो, पण आहेत कसे?” वकील मुलीने कागद चाळला. “वखार गेली त्यांची. आता दुसऱ्या कुणाच्या वखारीत मोजणी करतात.”

घरी येऊन तिने मसुदा वाचला. मी केवळ नामधारी संचालक होते. मी कंपनीच्या कोणत्याही सभेस हजर नव्हते. कलम सात: माझे पती कंपनीच्या कामात माझा सल्ला कधीही विचारत नसत व मी दिलाच तर तो घेत नसत. चांगलं लिहिलं होतं. कुठल्याही बाईला पटलं असतं. शेजारणीने तर तळटीपही जोडली असती. तिने कपाटाचा खालचा खण ओढला, नापास पट्ट्यांचा गठ्ठा बाजूला सारला, आणि हिरवी वही काढून टेबलावर ठेवली, भिंतीकडच्या खुर्चीसमोर. घड्याळात पावणेचार झाले होते. ती आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली, मग तिथून अक्षर उलटं दिसतंय हे लक्षात येऊन उठली आणि पहिल्यांदाच त्याच्या खुर्चीवर बसली. तिथून ओटा दिसत होता, पाण्याचं पिंप दिसत होतं आणि समोरची रिकामी खुर्ची. म्हणजे मान वर केली की त्याला हे दिसायचं. मी दिसायचे.

तिला वाटलं होतं आकडे असतील. आकडे होतेच, पण आकड्यांच्या मध्ये ती होती. ‘संचालिकांनी निदर्शनास आणले की पट्टीची पहिली खूण काठापासून आत हवी, कारण मुले काठ चावतात व शून्य खाऊन टाकतात. मान्य.’ तिला आठवलं, लेक पहिलीत असताना ती हे बोलली होती, चहा गाळता गाळता. आणि त्यानंतर त्यांच्या पट्ट्यांचं शून्य जे आत सरकलं ते शेवटपर्यंत आतच राहिलं. ते तिच्यामुळे, हे तिला आज कळत होतं, वीस वर्षांनी, शेकडो शाळांमधल्या हजारो मुलांनी काठ चावून झाल्यावर. ‘संचालिकांच्या मते नवा रंग आजारी माणसाच्या जिभेसारखा दिसतो. रंग रद्द.’ ‘संचालिकांनी आज सभेत निळी साडी नेसली आहे, याची नोंद घेण्यात आली.’ तिने हे वाक्य तीनदा वाचलं. ‘याची नोंद घेण्यात आली.’ त्याच्या खाली तिची सही. वाटोळी, आज्ञाधारक, न वाचता केलेली. आणि एका पानावर सहीच नव्हती: ‘संचालिका रागावून बहिणीकडे गेल्याने गणपूर्ती झाली नाही. सभा तहकूब. पुढील तारीख: त्या येतील तेव्हा.’ ती चार दिवस राहिली होती बहिणीकडे. का रागावली होती ते आता कोण जाणे, तो न्यायला येईल म्हणून रोज जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसली होती, तो आला नाही, मग आपणच पिशवी उचलून परत आली, आणि तो खिडकीपाशी उभा राहून जेवत म्हणाला होता, “आलीस का. उद्या चारला सभा आहे.” त्या वाक्याचा राग तिने कितीतरी वर्षं बाळगला, निगुतीने, लोणच्यासारखा. अहो, हे तोंडाने बोलायला काय झालं होतं? लिहायचं, आणि वर माझीच सही घ्यायची! तिने वही पालथी घातली आणि उठून ती पाणी प्यायली.

शेवटचं पान काय असणार हे तिला ठाऊक होतं. ती एक सभा ती विसरली नव्हती. त्याच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी तो घरी आला, हात धुतले, ताट घेतलं, खिडकीपर्यंत गेला, आणि परत येऊन टेबलाशी बसून जेवला. सभा नव्हती, काही नव्हतं. सावकाश, खाली बघत, घास मोजल्यासारखा. दुसऱ्या दिवशीही बसूनच. तिसऱ्या दिवशीही. इतकी वर्षं जे हवं होतं ते असं समोर येऊन बसलं, आणि तिला इतकी भीती वाटली, की पुसलेला ओटा तिने पुन्हा पुसायला घेतला. पट्ट्या आता प्लास्टिकच्या येत होत्या, पारदर्शक, लवचीक, मुलांना हव्या तशा. मग सभा भरली. ‘कंपनी देणी फेडू शकत नाही, सबब कारखाना बंद करावा असा प्रस्ताव मी मांडला,’ त्याने लिहिलं होतं. अक्षर उतरलं होतं. ‘संचालिका म्हणाल्या, आणखी एक गाडी लाकूड मागवा. मी विचारले, फेडायचे कसे? त्या म्हणाल्या, ते नंतर बघू. मी म्हणालो, हे बरोबर नाही. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे मला. प्रस्ताव मागे घेतला. लाकूड मागवण्याचा ठराव एकमताने मंजूर.’ अक्षर न् अक्षर खरं होतं. ठाऊक आहे मला, ती म्हणाली होती. आणि त्याला मागायची लाज वाटत होती म्हणून वखारवाल्याला फोनही तिनेच केला होता. “दादा, एक गाडी पाठवा.” “वहिनी, आधीचंच...” “मी सांगतेय ना.” पलीकडे थोडा वेळ करवतीचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला होता, “तुम्ही सांगताय म्हटल्यावर विषय संपला.”

एक गाडी लाकूड सात महिने पुरलं. सात महिने तो उभ्याने जेवला. कानात भुसा, कडेला पाय टेकलेला, गल्लीकडे लक्ष. एकदा तर शीळही घातली. त्या सात महिन्यांत सभा झाल्या नाहीत. ठरवायचं काही उरलंच नव्हतं. आठव्या महिन्यात तो गेला, कारखान्यातच, ताज्या कापलेल्या फळ्यांच्या वासात, आणि तिने मनाशी म्हटलं होतं, निदान खिडकीतून गेला, टेबलावरून नाही. या सात महिन्यांची किंमत किती होते हे तिने तेव्हा विचारलं नव्हतं. आता ती पाकिटातून आली होती, व्याजासकट. एक माणूस दुसऱ्याच्या वखारीत फळ्या मोजतोय, कारण तिला नवऱ्याला उभं बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी वकील मुलीच्या टेबलावर प्रतिज्ञापत्र पक्कं होऊन पडलं होतं. सही करायच्या जागी रंगीत चिकटपट्ट्या, पिवळ्या, गुलाबी. छान दिसत होत्या. तिने पिशवीतून हिरवी वही काढली आणि त्यांच्यावर ठेवली.

“काकू, मी काय सांगितलं होतं?”

“विचार करायला. केला.”

वकील मुलीने वही उघडली. पहिल्या पानांवर तिचा चेहरा वकिलाचा होता. निळ्या साडीपाशी तो जरा सैल झाला, बहिणीकडच्या तहकुबीला ती मोठ्याने हसली आणि तोंडावर हात ठेवला. शेवटच्या पानाशी तिने हात काढला. खोलीत पंख्याने कागद फडफडत होते. “हे इथे लिहिलंय, ‘ठाऊक आहे मला.’ हे तुम्ही म्हणालात?”

“हो.”

“काका असंच काहीतरी लिहायचे, गमतीने, असं म्हणता येईल.” ती हळू बोलत होती, आधार शोधत. “नाहीतरी तुम्ही वाचत नव्हतात.”

“वाचत नव्हते. पण बोलत होते ना. कलम सात खोड बाळ. त्यांनी माझं ऐकलं नाही, हे खोटं आहे.”

“तुम्हाला कळतंय का, घर जाईल? मी हप्ते मागेन, तडजोड मागेन, वखारवालेही माणूस आहेत. पण जाऊ शकतं.”

“कळतंय. हजर होते मी सभेला.”

इतक्या वर्षांत हे वाक्य तिने कुणाला म्हणून दाखवलंच नव्हतं. मुलीला काय सांगायचं, ते शब्द अजून जुळत नव्हते. मुलगी ओरडणार, रडणार, आणि मग विचारणार की इतकं काय होतं त्या वहीत. तर तिला निळी साडी सांगावी लागणार, आणि आई-बापांच्या असल्या गोष्टी मुलांना ऐकवत नाहीत.

“वही ठेवावी लागेल काकू,” वकील मुलगी म्हणाली. “पुरावा झाला आता. मी सगळ्या पानांच्या झेरॉक्स देते तुम्हाला. चांगल्या, ठळक.”

तिने वही आपल्याकडे ओढली. “फुल्या येतात का त्यात?”

“कुठल्या फुल्या? या पानांवर तर दिसत नाहीत.”

“खोडलेल्या.”

वकील मुलीला कळलं नाही, मग तिने तिचा हात धरून बोट सहीखाली ठेवलं. शाईखाली कागद किंचित खरखरीत होता. दाबून मारलेली फुली गेली होती आणि तिचा ओरखडा राहिला होता, दोन रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. वकील मुलीने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि तिच्या चेहऱ्यावर दोन वेण्या आल्या. “नाही,” ती म्हणाली. “हे नाही येणार.”

“मग थांबशील जरा?”

बावीस वर्षांच्या अठ्ठ्याऐंशी सभा, त्यातली एक तहकूब. सत्त्याऐंशी सह्या होत्या. ती पहिल्यापासून निघाली. पान उलटायचं, बोट खाली न्यायचं, खरखर लागेपर्यंत थांबायचं, पुढचं पान. काही फुल्या घाईच्या होत्या, काही ठाम, एक तर कागद फाडून मागे गेलेली. त्या दिवशी त्याचं कुणाशी तरी भांडण झालं असणार. तहकूब सभेच्या पानावर तळाशी गुळगुळीत कोरं होतं, तिथेही तिने बोट ठेवलं. बाहेर कुणीतरी वकील मुलीला भेटायला आलं, तिने हातानेच त्याला बसायला सांगितलं आणि घड्याळाकडे बघितलं नाही.

शेवटच्या पानावर बोट टेकायची वेळच आली नाही. तिथली फुली दिसतच होती. काळसर, थरथरती, तिच्या सहीच्या वळणातून वर डोकावणारी. त्या दिवशी खोडरबर मागायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि तिलाही द्यायचं सुचलं नव्हतं. तिने वही तशीच उघडी वकील मुलीपुढे सरकवली.

“ही एक येईल,” ती म्हणाली.